केळगीच्या चोऱ्यांचा तक्ता

केळगी (तालुका भालकी)
दि. ४ जून १९६३

चि. मुकुंदास,
जानकीअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुलबर्ग्याला ऊन फार आहे हे सांगायला तू अडीच पानं खर्च केलीस. इंदू माहेराहून परत आली का, आणि कचेरीत दिवसाला चौदा कप चहा होत होता तो उतरला का, या दोन गोष्टी मात्र लिहायला जागा उरली नाही वाटतं.

इथली मोठी बातमी म्हणजे आमच्या दवाखान्यात धारवाडकडची डॉक्टरीण आली आहे, रुद्रम्मा नावाची. वय तिशीचं, आवाज जमादाराचा. आल्या आल्या तिने अफूच्या परवान्यांना हात घातला. चार वर्षांपूर्वी अफूचा ठेका बंद झाला तेव्हा ज्यांची सुटत नव्हती अशा अकरा जणांना इथे परवाने मिळाले होते. महिन्याच्या पहिल्या तारखेला कंपौंडर कागदात गोळा बांधून द्यायचा आणि मंडळी घरी जायची. मे महिन्यापासून बाईंनी गोळाच बंद केला. त्याच्या बदली अफूचा अर्क मोजून पाण्यात घालतात. रोज सकाळी आठला ओसरीवर रांगेत उभं राहून तो त्यांच्या देखत प्यायचा आणि पेला उलटा करून दाखवायचा.

यात आमची मोठी पंचाईत झाली. गुरप्पा तुला आठवत असेल. त्याचं नाव निघालं की बायका अंगणातला तांब्या आत नेतात, तोच. परवाना त्याच्या नावाचा, पण त्यातला निम्मा गोळा चार वर्षं आमच्या घरी येत होता, तुझ्या दाजींसाठी. त्याबदली मी त्याच्या बायकोला, मल्लव्वाला, ज्वारी आणि ताक द्यायची. घरात आम्ही त्या गोळ्याला खोकल्याचं औषध म्हणतो, आणि यांना खोकला झालेला मला वीस वर्षांत आठवत नाही. पण तब्येत कशी राखली होती बघ. निजामाच्या अमदानीत कचेरीत कागद लिहायची पेशकारी केली तेव्हा जे मोत्यासारखं अक्षर होतं तेच अजून आहे. चौकीचे फौजदारसुद्धा पंचनामा लिहायचा झाला की यांनाच बोलावतात, कारण चौकीतल्या दुसऱ्या कोणाचं लिहिलेलं वरच्या कचेरीत लागत नाही.

मी म्हटलं, तुमचा स्वतःचा परवाना काढा. तर डॉक्टरीणबाईंच्या वहीत सही चालत नाही, माणूस शिकलेला असो की नसो, डाव्या अंगठ्याचा ठसा लागतो. तीस वर्षं मी लोकांचे अंगठे घेतले, आता स्वतःचा देऊ काय, असं म्हणून स्वारी माळवदावर जाऊन बसली. शिवाय दवाखान्याची ओसरी बाजाराच्या रस्त्यावर आहे. जुनी साठवण परवा संपली. तेव्हा तिकडून खोकल्याचं एखादं जोरदार औषध धाडून दे.

चहा कमी कर, बहिणीवरची माया आहे तेवढी राहू दे.

तुझी
जानकीअक्का

गुलबर्गा
दि. १५ जून १९६३

ती. जानकीअक्कास,
मुकुंदाचा शि. सा. न. वि. वि.

इंदू आली. चहा बारावर आला आहे. बाटल्या दोन, भालकीच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिल्या आहेत. बाटलीवर लहान मुलांसाठी असं छापलं आहे तिकडे दाजींनी लक्ष देऊ नये.

तुझं पत्र वाचून मला हसावं की रडावं कळेना. ज्या बाईंनी दाजींचं औषध तोडलं, त्यांच्यामुळे आमच्या आकडेवारी शाखेत सध्या दिवाळी आहे. केळगी चौकीच्या हद्दीत मार्चमध्ये चोऱ्या नऊ, एप्रिलमध्ये आठ आणि मेमध्ये दोन. साहेबांना वाटलं मी बेरीज चुकलो. मग त्यांनी स्वतः केली, ती खरंच चुकली, पण माझी बरोबर निघाली. आता वरून हुकूम आहे की सप्टेंबरअखेरपर्यंतचा तक्ता करून पाठवा. आकडे असेच राहिले तर हा अर्काचा उपचार केळगीत चालू राहील आणि मादन हिप्परगा, दुबलगुंडी अशा गावांतही नेतील. आकडे बिघडले तर केळगीतलाही बंद. तक्ता मी करणार आहे. तो चांगला वठला तर मला हेडक्लार्क करू, असं साहेब दोनदा म्हणाले, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजला.

फक्त 'कारण' हा रकाना अडला आहे. डॉक्टरीणबाई लिहितात की शरीराची तलफ रोजच्या रोज भागली की माणसाचा हात दुसऱ्याच्या भांड्याकडे जात नाही. तुमचे फौजदार लिहितात की चोऱ्या त्यांच्या गस्तीने घटल्या. भजनी मंडळाचा अर्ज आहे की गुरुवारच्या भजनाने गावाची मती पालटली. हेडमास्तरांनी प्रौढ साक्षरता वर्गाचं नाव पुढे केलं आहे. त्या वर्गाला अजून एकही प्रौढ आलेला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे खाली लिहिलं आहे. साहेब म्हणाले, श्रेय कोणाला द्यायचं ते आधी वरून कळू दे, मग कारण भरू.

फौजदारांचं दुसरं एक पत्र गोपनीय आहे, म्हणून फक्त तुला सांगतो. चोऱ्या अशाच घटल्या तर चौकी उठेल आणि दोन शिपाई व एक सायकल परत जाईल. तरी गावकऱ्यांनी हरवलेली कोंबडीसुद्धा चोरी म्हणून नोंदवावी, असं दवंडीने कळवण्याची त्यांनी परवानगी मागितली आहे.

दाजींना म्हणावं, सरळ अंगठा द्या. अंगठ्याला कोणी हुद्दा विचारत नाही. तुझ्या रागासकट तुझा लोभ हवा आहे.

तुझा
मुकुंदा

केळगी
दि. १९ जुलै १९६३

चि. मुकुंदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाटल्या चार दिवसांत संपल्या. त्यांनी काही झालं नाही, फक्त घरभर ज्येष्ठमधाचा वास सुटला.

गुरप्पाची गोष्ट ऐक. आता त्याला रोज पुरतं औषध मिळतं, तर माणूस ओळखू येत नाही. सकाळी आठला रांगेत, नवाला कामावर. आणि काम काय, तर माळवदं दुरुस्त करणं! पंधरा वर्षं तो लोकांच्या माळवदावरून, उजेडाच्या भोकातून घरात उतरायचा. कोणाच्या छपराची कुठली तुळई कुजली आहे आणि पाऊल कुठे खचतं, हे त्याच्याइतकं गावात दुसऱ्या कोणाला माहीत असणार? ज्यांनी त्याला माळवदावर पाहून दगड मारले, तेच आता खालून हाका मारतात की गुरप्पा, आधी आमच्याकडे ये. मी विचारलं की आता मनात येत नाही का रे, तर म्हणाला, आता पुरायलंय अक्का, मी कामून चोरू? मल्लव्वाने नवी घागर घेतली आहे आणि ती मुद्दाम दारात ठेवते.

आमच्याकडे उलट. यांचे पाय रात्रंदिवस ठणकतात, नाक वाहतं, जांभया आवरत नाहीत, आणि मी भाजीत मीठ घातलं तरी चूक, नाही घातलं तरी चूक. दिवसभर वीरभद्रप्पा आडत्यांच्या सोप्यात पान खात बसतात. दोनदा उदगीरला जाऊन आले, तिथल्या वैद्याकडे म्हणाले. आल्यावर एक दिवस बरे असतात. मी रोज म्हणते दवाखान्यात चला, आणि रोज तीच अंगठ्याची कथा. मला या माणसाची काळजी वाटते आणि रागही येतो, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडी घासायला बसते.

भांड्यांवरून आठवलं. माझं लग्नातलं तांब्याचं तामण आठ दिवस सापडत नाही. वय झालं, कुठेतरी ठेवून विसरले असेन.

घरच्यांना आशीर्वाद सांग आणि आठवण विझू देऊ नकोस.

तुझी
जानकीअक्का

केळगी
दि. ९ ऑगस्ट १९६३

चि. मुकुंदास,
अ. आ. वि. वि.

घाईत लिहिते. मंगळवारी भर दुपारी, जेवणं होऊन गाव आडवं झालेलं असताना, वीरभद्रप्पांच्या सोप्यातून चांदीचं पानदान गेलं. फौजदारांना इतका आनंद झाला की टोपी विसरून धावत आले. पाव तासात त्यांनी गुरप्पाला पकडलं. शोधायची गरजच नव्हती, तो शेजारच्या माळवदावर माती चोपत होता. त्याच्याजवळ पानदान निघालं नाही. पण फौजदार म्हणाले की सराईत चोर वस्तू जवळ ठेवतो कुठे, तेव्हा न सापडणं हाच पुरावा. पंचनामा नेहमीप्रमाणे यांनीच लिहिला. मी दारातून पाहत होते, एका अक्षराची खाडाखोड नाही.

गुरप्पा 'मी नव्हं' एवढंच म्हणाला. मला वाईट वाटलं आणि त्याची चीडही आली. इतकं सगळं चांगलं चालू असताना याला ही बुद्धी का व्हावी?

त्याला तालुक्याच्या कोठडीत नेलं आहे. डॉक्टरीणबाई फौजदारांशी तासभर भांडल्या की त्याचं औषध तोडू नका, हाल होतील. शेवटी रोजची बाटली शिपायाबरोबर बसने धाडायची ठरली. पहिल्याच दिवशी शिपाई भालकीला न उतरता थेट उदगीरला जाऊन जागा झाला. बाटली रिकामी होती. बसच्या हिंदकळ्यांनी सांडली, असं तो म्हणतो. इकडे मल्लव्वा कोठडीत भेटून आली. तो अंगाचं मुटकुळं करून कुडकुडतोय, ओकतोय, असं सांगून माझ्या पायरीवर बसून राहिली. मी भाकरी दिली, ती तिने हातातच धरून ठेवली. आता डॉक्टरीणबाई दिवसाआड स्वतः बसने जातात.

त्याचं पुढे काय होईल ते विचारून कळव. आशीर्वाद आहेतच.

तुझी
जानकीअक्का

गुलबर्गा
दि. १६ ऑगस्ट १९६३

ती. जानकीअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच केळगीचा कागद आला होता. शाखेत सुतक आहे. जूनमध्ये चोरी एक, जुलैमध्ये शून्य, आणि ऑगस्टमध्ये ही. संख्येने एकच, पण ती नेमकी उपचार घेणाऱ्याने केलेली. साहेब म्हणतात, वरच्या मंडळींना अफूवाल्यांना सरकारी पाण्यातून अर्क पाजणं मुळातच पसंत नव्हतं, त्यांना असंच एक उदाहरण हवं होतं. अकराच्या अकरा जणांचं औषध बंद होणार. गुरप्पाला याआधी दोन शिक्षा झालेल्या आहेत, म्हणजे या खेपेला दोन-तीन वर्षं तरी आत.

फौजदारांनी मात्र आपल्या अहवालात चौकीला आणखी एक सायकल मागितली आहे.

साहेबांना पंचनाम्याचा शब्दन् शब्द तक्त्याला जोडायचा आहे, आणि चौकीकडून आलेली प्रत पावसात भिजून लगदा झाली. दाजी लिहितील त्याची नक्कल घरी ठेवतात हे मला माहीत आहे. ती उतरवून पाठव. माझं हेडक्लार्कपण गेल्यात जमा आहे, निदान तुझी माया तरी जमेत राहू दे.

तुझा
मुकुंदा

केळगी
दि. २३ ऑगस्ट १९६३

चि. मुकुंदास,
अ. आ. वि. वि.

हे पत्र एकट्याने वाच.

नक्कल काढायला मी यांचं दप्तर सोडलं. पंचनाम्यात लिहिलं आहे की पानदान चांदीचे, नक्षी वेलीची, झाकणास पोचा एक, आत कप्पे पाच, तळच्या ताटलीखाली तपकिरीची पुडी एक. मी दोनदा वाचलं. आदल्याच दिवशी वीरभद्रप्पांची शरणम्मा माझ्याकडे रडून गेली होती. फौजदारांनी पंचनामा तिच्या नवऱ्यासमोर मोठ्याने वाचला आणि बाई तपकीर ओढतात हे घरात फुटलं. तिचं म्हणणं, पुडी मी त्याच दिवशी सकाळी लपवली, देवाला सुद्धा सांगितलं नव्हतं, मग पोलिसांना स्वप्न पडलं काय? मी तिची समजूत घातली की गुरप्पाने सांगितलं असेल. पण गुरप्पा तर चोरी कबूलच करत नाही. मग ताटलीखाली काय आहे हे कोणाला कळलं?

मी तो कागद यांच्या पुढ्यात ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तर म्हणाले, वस्तूचं वर्णन पुरं असावं लागतं.

एवढंच बोलले आणि उठून जुन्या उर्दू कागदांच्या गठ्ठ्यामागून पानदान काढून माझ्यापुढे ठेवलं. ते घेऊन उदगीरला गेले होते. दुकानदाराने नाव-गाव विचारलं तेव्हा खोटं सांगता येईना आणि खरं सांगवेना, म्हणून तसेच परत आले. माझं तामण मात्र आधीच तिथे गेलं आहे, आणि तो उदगीरचा वैद्य म्हणजे चोरून अफू विकणारा माणूस आहे.

मुकुंदा, मला लाज वाटते, आणि ती त्यांचीच वाटते असंही नाही. चार वर्षं त्या माणसाचं निम्मं औषध आम्ही खाल्लं. तलफ निम्मी राहायची, म्हणून तो लोकांचे तांबे उचलायचा, आणि तांबे गेले म्हणून आम्हीच त्याला नावं ठेवायचो. तुझ्या मार्चच्या नऊ चोऱ्यांतल्या आमच्या किती, याचा रकाना तुझ्या तक्त्यात आहे का?

आता काय करू ते सांग. खरं सांगितलं तर घराण्याचं नाव जातं. नाही सांगितलं तर गुरप्पा जातो, आणि त्याच्याबरोबर बाकीच्या दहा जणांचं औषध. दोन दिवस मी अन्नाला शिवले नाही. लवकर लिही.

तुझी
जानकीअक्का

गुलबर्गा
दि. २८ ऑगस्ट १९६३

ती. जानकीअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

घाबरू नकोस. मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. मार्ग निघतो, आणि कोणाचं काही बिघडत नाही.

पानदान फडक्यात गुंडाळून वीरभद्रप्पांच्या सोप्यातल्या पोत्यांमागे टाकून दे. तू शरणम्माकडे जातेसच. एक-दोन दिवसांत सापडेल. आमच्याकडे अशा प्रसंगासाठी 'वस्तू गहाळ, नंतर आढळली' असा स्वतंत्र रकाना आहे, आणि खरं सांगायचं तर अर्धा महाराष्ट्र आणि सगळा म्हैसूर त्याच रकान्यावर चालतो. मग चोरी झालीच नाही. गुरप्पा सुटेल, औषध चालू राहील, दाजींचं नाव राहील, ऑगस्टही शून्य होईल. माझ्या हेडक्लार्कीसाठी हे मी सुचवत नाही, हे तुला सांगायला नको.

पंचनाम्यातल्या पुडीबद्दल कोणी विचारलं तर लिहिणाऱ्याचा अंदाज म्हणावं. पत्र वाचून जाळ. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझा
मुकुंदा

केळगी
दि. ५ सप्टेंबर १९६३

रा. रा. मुकुंदराव यांस,
बंडोपंत पेशकार यांचा सप्रेम नमस्कार. विनंती विशेष.

आपले दि. २८ चे पत्र आपल्या भगिनींनी न जाळता माझ्या हाती दिले आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मसलत उत्तम आहे. निजामशाहीत आपण पेशकार असता तर फार वर गेला असता. तरी ती मला मान्य करवली नाही, त्याचे कारण कळवतो.

अफू खाल्ली ती मी. स्नेह्याच्या घरची वस्तू उचलली तीही मी. परंतु त्या दिवशी गुरप्पा समोर उभा असता त्याच्याकडे न पाहता त्याचे नाव चोर म्हणून लिहिले, हे या दोहोंहून वाईट झाले. लिहिताना हात जराही कापला नाही. तलफेने दिवसभर थरथरणारा हात नेमका तेव्हा स्थिर होता, याची मला भीती वाटते. पानदान पोत्यांमागे सापडले असते तरी तो कागद माझ्या अक्षरात राहिलाच असता.

सबब दि. १ रोजी पानदान घेऊन चौकीवर गेलो. फौजदार कबुलीजबाब घेईनात. प्रथम त्यांना वाटले की मला ताप आहे. मग म्हणाले की आरोपीच्या रकान्यात सराईत, भटका किंवा अडाणी असे लिहितात, पेन्शनर पेशकार लिहायला जागा नाही. मग म्हणाले की चोर तुम्ही ठरलात तर आमचे पंचनामे यापुढे कोण लिहिणार? सरतेशेवटी तयार झाले, परंतु चौकीत लिहिता येणारा माणूस नसल्याने माझा कबुलीजबाब मलाच लिहावा लागला. पंच म्हणून वीरभद्रप्पांस बोलावले. त्यांनी पानदान उघडले, पुडी काढून खिशात ठेवली, आणि मला पान करून दिले. ते मला खाववले नाही. तीस वर्षांच्या स्नेह्यापुढे मी तिथे रडलो.

गुरप्पा काल सुटून आला. खटला भालकीस चालेल, होईल ती शिक्षा घेईन. आज सकाळी दवाखान्यात डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. डॉक्टरीणबाईंनी शाई पुसायला कापूस दिला आणि रांगेत बारावे उभे राहण्यास सांगितले. गुरप्पाने आपली जागा मला देऊ केली. मी घेतली नाही.

आपल्या भगिनी दोन दिवस बोलत नव्हत्या. आज वाढताना भाजीत मीठ बरोबर आहे का, असे विचारले. उभयतांवर पूर्ववत स्नेह ठेवाल अशी आशा करतो.

आपला
बंडोपंत पेशकार

गुलबर्गा
दि. १० ऑक्टोबर १९६३

ती. जानकीअक्का व ती. दाजी यांस,
मुकुंदाचा शि. सा. न. वि. वि.

दाजींचं पत्र मी रोज एकदा वाचतो. माझं पत्र तुम्ही आता तरी जाळलं असेल तर उपकार होतील.

तक्ता गेला. पण जाण्याआधी एक भलतंच झालं. सप्टेंबरअखेर केळगीच्या दवाखान्याच्या वहीत नावं बाराची तेवीस झाली. पेशकार रांगेत उभे राहिले म्हटल्यावर पाटलांचे भाऊ आले, मग साक्षरता वर्गाचे हेडमास्तर, मग भजनी मंडळातले पखवाजवाले. पखवाजवाल्यांनी ओसरीवर जाताना डोक्यावरून उपरणं घेतलं होतं असं डॉक्टरीणबाईंनी कळवलं आहे. चोऱ्या शून्य झाल्या आणि अफूवाले दुप्पट झाले! साहेबांनी कपाळाला हात लावला आणि टीप लिहिली की या उपचाराने व्यसन वाढते, तरी तो बंद करावा.

अक्का, त्या टिपेखाली मला फक्त सही करायची होती. पेन उचललं आणि दाजींचा स्थिर राहिलेला हात आठवला. मी खाली लिहिलं की ही माणसं नवी नाहीत, ती पूर्वीपासून खात होती, फक्त रांगेत नव्हती. त्यांची तलफ गोळा बंद होईपर्यंत दुसऱ्यांच्या औषधातून भागत होती, आणि ऑगस्टमधली चोरी उपचार घेणाऱ्याने नव्हे, तर लाजेने उपचाराबाहेर राहिलेल्याने केली. हे मला खात्रीने माहीत आहे, कारण ते माझे मेहुणे आहेत. मग सही केली.

साहेब त्या दिवसापासून चहा पाजत नाहीत. हेडक्लार्क माझ्या शेजारच्या टेबलावरचा झाला. चहा आता चार कपांवर आला आहे, तुला हवा होता तसा. दोघांचीही माया हवी आहे, मागायला तोंड नाही तरी.

तुमचा
मुकुंदा

केळगी
दि. ४ नोव्हेंबर १९६३

चि. मुकुंदास,
जानकीअक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझी सही वाचून मी देवापुढे साखर ठेवली. औषध आणखी सहा महिने चालू ठेवायचा हुकूम आला. चौकी मात्र उठली. फौजदार सायकलसह गेले. जाताना यांना म्हणाले की पेशकारसाहेब, तुम्ही एकट्याने माझी चौकी बुडवली.

यांना कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा झाली. बसल्या बसल्या कारकुनाने जबाब चुकीचा उतरवला तो यांना सहन होईना. न्यायाधीशांनी दोनदा गप्प केलं, तिसऱ्यांदा कागद यांच्याकडे दिला. आता ते सकाळी आठला रांगेत असतात. पाय ठणकत नाहीत, चेहऱ्यावर रंग आला आहे. आपण चूक केली हे रोज एकदा तरी म्हणतात, आणि मी आता ऐकून घेते.

परतीच्या पावसात आमचं माळवद गळलं. गुरप्पाला निरोप धाडायला मला तोंड नव्हतं, तो आपणच घमेलं घेऊन आला. दिवसभर त्याने माती चोपली. कोठडीत फार वाळला आहे, हात अजून भरलेले नाहीत. संध्याकाळी हातपाय धुवायला पाणी दिलं तेव्हा मी त्याला बसवून घेतलं आणि म्हटलं, चार वर्षं तुझ्या वाटणीचं आम्ही खाल्लं आणि वर तुलाच कोठडीत घातलं, मला माफ कर. तर तो म्हणाला, मला तवाच ठावं होतं अक्का. मी बाजूच्याच माळवदावर होतो. पेशकारसाब पानदान उपरण्याखाली घालून मागल्या दारानं निघाले ते मी सोताच्या डोळ्यानं बघितलो.

मी विचारलं, मग सांगितला कामून न्हाईस रे? एवढे दिवस कोठडीत मरणाचे हाल काढलेस!

तर म्हणाला, सांगितलो असतो की. पण लिहून कोण घेणार होतं अक्का? लिहायला तेच बसलेले.

हे पलीकडच्या खोलीत होते, त्यांनीही ऐकलं. त्याला काय सांगायचं ते तुला सुचलं तर लिही.

तुझी
जानकीअक्का